आकाशाचे दप्तर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, त्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. परदेशी वेधशाळेत संशोधन करणाऱ्या ज्योतिर्विदाचे काम कसे चालते, हा आजचा विषय. तो जाहीर होताच काही स्नेह्यांनी मला विचारले की, लेखापरीक्षणाच्या खात्यात आयुष्य घालविलेल्या एका साध्या बी. ए.चा ताऱ्यांशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. माझी धाकटी कन्या गेली चार वर्षे परदेशी राहून याच क्षेत्रात संशोधन करीत आहे. आपली मुलगी रात्ररात्र जागून नेमके काय करते, हे समजून घेण्याची इच्छा कोणत्याही बापाला होणारच. म्हणून तिने सुचविलेले वाचत गेलो, तिला प्रश्न विचारीत गेलो. गणित मला फारसे कळले नाही, हे सांगणे नकोच. परंतु कामाची रीत कळली, आणि ती विलक्षण ओळखीची वाटली. नोंद करावयाची, नोंद जपावयाची, आणि जो आकडा जुळत नाही त्याच्यापाशी थांबावयाचे. आकाशाचेही एक दप्तर आहे आणि ज्योतिर्विद हा त्या दप्तराचा सेवक आहे. आज मी जे सांगणार आहे, त्याचे सार हेच.

प्रथम, या मंडळींना घर सोडून इतके दूर का जावे लागते, ते पाहू. ताऱ्याचा प्रकाश अब्जावधी मैलांचा प्रवास निर्वेध करतो, आणि अखेरच्या काही मैलांत, आपल्या वातावरणात शिरल्यावर, थरथरू लागतो. आपण ज्याला तारे लुकलुकणे म्हणतो आणि ज्याच्यावर कविता रचतो, तो ज्योतिर्विदाच्या दृष्टीने निव्वळ उपद्रव असतो. त्यातच शहरांचे दिवे, धूळ आणि बाष्प यांची भर पडते. म्हणून उंच, कोरडी, काळोखी आणि वरची हवा स्थिर असलेली जागा शोधावी लागते. अशा जागा पृथ्वीवर मोजक्याच आहेत. प्रशांत महासागरातील हवाई बेटावरचा मौना केआ हा सुमारे ४,२०० मीटर उंचीचा निद्रिस्त ज्वालामुखी, दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या आटाकामा वाळवंटातील डोंगर, आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेले कॅनरी द्वीपसमूहातील ला पाल्मा बेट, आणि आपल्या लडाखमधील सुमारे ४,५०० मीटर उंचीवरचे हानले. यांतील एकही जागा कोणत्याही मोठ्या विद्यापीठाच्या दारात नाही. म्हणजे वेधशाळेत काम करणारा मनुष्य कोणत्याही देशाचा असो, तो बहुधा परगावचाच असतो. ही गोष्ट आपल्यासारख्या बदलीच्या गावी संसार थाटलेल्या मंडळींना चटकन समजेल.

आता कामाविषयी. पुष्कळांची अशी कल्पना असते की, ज्योतिर्विद रोज रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसतो. वस्तुस्थिती फार निराळी आहे. मोठ्या दुर्बिणीवर काम करण्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. कोणता तारा पाहावयाचा, का पाहावयाचा, किती वेळ लागेल, आणि हेच काम लहान दुर्बिणीवर का होणार नाही, याचे सविस्तर समर्थन लिहावे लागते. अशा अर्जांची छाननी ज्योतिर्विदांचीच एक समिती बहुधा वर्षातून दोनदा करते. मागणी उपलब्ध रात्रींच्या कित्येक पट असते; त्यामुळे अनेक चांगले अर्जही नामंजूर होतात. मंजूर झाला तर पदरात काय पडते? दोन रात्री, कधी एक, कधी अर्धी. ही सारी पद्धत ऐकताना मला माझ्या खात्यातील अनुदानांच्या प्रस्तावांची आठवण झाली. फरक इतकाच की, इथे वाटप होते ते काळोखाचे.

आणि ती मंजूर झालेली रात्र ढगाळ निघाली तर? तर ती गेली. ती पुढे ढकलून मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची पाळी असते. आपण पुन्हा अर्ज करावयाचा. माझ्या कन्येला पहिल्याच खेपेस मिळालेल्या तीन रात्रींपैकी दोन रात्री घुमट उघडताच आला नाही, कारण हवेतील आर्द्रता मर्यादेबाहेर होती. दूरध्वनीवर मी तिला विचारले, “मग दोन रात्री तुम्ही काय केलेत?” ती म्हणाली, “बाबा, दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन आकाश पाहिले आणि नोंदवहीत ‘ढग’ असे लिहिले.” मला या उत्तराचे फार कौतुक वाटले. काही दिसले नाही, याचीही नोंद करावयाची असते. पुढे कोणी विचारले की अमुक रात्री तो तारा उजळला होता काय, तर ‘पाहिले आणि दिसला नाही’ व ‘पाहताच आले नाही’ या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

आकाश निरभ्र असले तर दिवस दुपारीच सुरू होतो. घुमटाच्या आतल्या बाजूस एक एकसारखा प्रकाशित पडदा असतो. त्याची छायाचित्रे घेऊन, कॅमेऱ्याचा कोणता कण किती संवेदनक्षम आहे, हे तपासले जाते. मग काळोखातील कोऱ्या प्रतिमा घेतात. म्हणजे यंत्राची स्वतःची कुरकुर किती आणि ताऱ्याचा प्रकाश किती, हे वेगळे करता येते. संध्याकाळी, ज्यांचे तेज आधीच नेमके ठाऊक आहे अशा प्रमाण ताऱ्यांवर यंत्र ताडून पाहतात. एवढी वजने-मापे तपासून झाल्यावर मुख्य कामाला आरंभ. दुर्बीण वळविणारा तंत्रज्ञ वेगळा असतो. ज्योतिर्विद संगणकाच्या पडद्यापुढे बसून येणारी प्रतिमा तपासतो, पुढचा तारा कोणता ते ठरवितो आणि नोंद करतो. पहाटे झोपावयाचे, दुपारी उठावयाचे.

पूर्वी हे काम शरीराचीही परीक्षा पाहणारे होते. कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावरील २०० इंची दुर्बिणीचे उद्घाटन १९४८ साली झाले. ती इतकी प्रचंड की, निरीक्षक तिच्या आतच, वरच्या टोकाशी असलेल्या एका पिंजऱ्यात बसत असे. घुमट उघडा, हिवाळ्याची रात्र, आणि उजेड व ऊब यांना मज्जाव. कारण उबेने हवा हलते आणि प्रतिमा बिघडते. विजेने गरम राहणारे, वैमानिकांचे असतात तसे पोशाख चढवून ही माणसे तासन्‌तास एका ताऱ्यावर दुर्बीण खिळवून ठेवीत. आज मौना केआवरील केक दुर्बिणीवर काम करणारा निरीक्षक शिखरावर जातोच असे नाही. तिथे हवा इतकी विरळ आहे की, समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे साठ टक्केच प्राणवायू मिळतो, आणि अशा स्थितीत बुद्धी नीट चालत नाही. पायथ्याकडील गावातून, किंवा दूरच्या विद्यापीठातूनही, आता वेध घेतले जातात.

मी दप्तर हा शब्द वापरला, तो केवळ अलंकार म्हणून नव्हे. एक उदाहरण देतो. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेरू देशातील आरेकिपा या गावाजवळ एक उपकेंद्र चालविले होते. दक्षिणेचे आकाश हार्वर्डहून दिसत नाही, म्हणून काही माणसे घरदार सोडून तिथे राहिली. रात्री काचेच्या तबकड्यांवर आकाशाची छायाचित्रे घ्यावयाची, दिवसा ती धुऊन वाळवावयाची, आणि पेट्यांत भरून जहाजाने हार्वर्डला रवाना करावयाची, हे त्यांचे काम. हार्वर्डमध्ये त्या काचा वाचण्यासाठी स्त्रियांचा एक वर्ग नेमलेला होता. त्यांतील हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी लहान मॅगेलन मेघातील रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचे तेज ठराविक काळाने कमीजास्त होते अशा ताऱ्यांच्या, नोंदी तपासल्या. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रकात त्यांनी अशा २५ ताऱ्यांवरून दाखवून दिले की, ज्या ताऱ्याचा आवर्तनकाळ मोठा, तो तारा मुळात अधिक तेजस्वी असतो. वाक्य छोटे आहे, पण त्याने आकाशात अंतर मोजण्याची काठी हाती दिली. ताऱ्याचे खरे तेज कळले आणि दिसणारे तेज मोजले की तो किती दूर आहे, याचा हिशेब करता येतो.

पुढे १९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या एका काचेवर एडविन हबल यांना देवयानी तारकासमूहातील तेजोमेघात असाच एक रूपविकारी तारा सापडला. लेव्हिटबाईंची काठी लावताच कळले की, तो मेघ आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे असलेली दुसरी आकाशगंगा आहे. विश्वाची सीमा एका रात्रीत मागे सरली असे आपण म्हणतो. परंतु त्यामागे आरेकिपाच्या काळोखात काचा बदलणारे अनाम हात होते, आणि १९२१ साली निवर्तलेल्या, आपल्या कामाचे हे फळ पाहू न शकलेल्या लेव्हिटबाई होत्या.

त्याच माउंट विल्सनवर मिल्टन ह्यूमसन नावाचे गृहस्थ होते. चौदाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. वेधशाळा बांधली जात असताना डोंगरावर सामान वाहणारी खेचरे ते हाकीत. पुढे वेधशाळेत झाडलोट व देखभाल करणारा नोकर म्हणून लागले, रात्रीच्या कामात मदत करू लागले, आणि हात इतका स्थिर व चित्त इतके एकाग्र निघाले की, त्यांना ज्योतिर्विदांच्या वर्गात घेण्यात आले. अत्यंत मंद दीर्घिकांचे वर्णपट त्यांनी वर्षानुवर्षे घेतले. विश्व प्रसरण पावत आहे या सिद्धांताला त्यांतील आकड्यांनी बळकटी आली. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने त्यांना १९५० साली सन्माननीय डॉक्टरेट दिली. मुलांच्या गुणपत्रिका पाहून घाबरणाऱ्या पालकांनी ही हकीकत ध्यानी ठेवावी.

आता आपल्या माणसांकडे वळतो. मनाली कल्लट वेणु बाप्पू यांचे नाव या बंगळुरात अनेकांना परिचित असेल. त्यांचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत होते. हैदराबादची शिष्यवृत्ती घेऊन बाप्पू १९४९ साली हार्वर्डला गेले, आणि त्याच वर्षी जुलैच्या आरंभी एका छायाचित्र-काचेवर त्यांना एक नवा धूमकेतू आढळला. बाप्पू-बॉक-न्यूकर्क असे त्याचे नाव पडले. पुढे कॅलिफोर्नियात ऑलिन विल्सन यांच्यासमवेत त्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या एका रेषेचा अभ्यास केला. त्या रेषेच्या मध्यभागी दिसणारी प्रकाशाची बारीक पट्टी जितकी रुंद, तितका तारा अंगभूत तेजस्वी, असा नियम दोघांनी १९५७ साली मांडला. तो आजही ‘विल्सन-बाप्पू परिणाम’ या नावाने ओळखला जातो.

बाप्पू परत आले. उत्तर प्रदेशाच्या वेधशाळेचे काम त्यांनी नैनिताल येथे उभे केले, १९६० साली कोडईकनालची सूत्रे घेतली, आणि जावडी टेकड्यांतील कावलूर या खेड्यापाशी १९६८ साली अवघ्या ३८ सेंटिमीटरच्या, इथेच तयार केलेल्या दुर्बिणीने वेध सुरू केले. १९७२ मध्ये एक मीटरची दुर्बीण आली. २.३४ मीटर व्यासाची दुर्बीण इथल्याच कारागिरांनी व अभियंत्यांनी घडविली. १९८६ साली तिचे उद्घाटन झाले तेव्हा ते पाहावयास बाप्पू नव्हते. १९८२ च्या ऑगस्टमध्ये म्युनिक येथे त्यांचे निधन झाले होते. ती दुर्बीण त्यांच्या नावाने ओळखली जाते. परदेशातून त्यांनी आणले ते यंत्र नव्हते. उत्तम जागा शोधावी, यंत्र आपण घडवावे आणि एकही निरभ्र रात्र वाया जाऊ देऊ नये, ही रीत त्यांनी आणली.

दुसरे नाव श्रीनिवास कुलकर्णी यांचे. जन्म १९५६ चा, कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. बालपण व शाळा हुबळीची. म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोघांनीही अभिमान वाहावा अशी ही व्यक्ती आहे, आणि कर्नाटकात राहणाऱ्या आपल्या मंडळाने तो दुहेरी वाहावा. दिल्लीच्या आय. आय. टी.तून १९७८ साली ते बाहेर पडले आणि बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. विद्यार्थिदशेतच, १९८२ साली, डॉन बॅकर यांच्या नेतृत्वाखालील गटात त्यांच्या हातून जे घडले ते दप्तराच्या माणसाला विशेष आवडेल असे आहे.

रेडिओ लहरी सोडणाऱ्या उगमांच्या जुन्या यादीत ४सी २१.५३ या क्रमांकाची एक नोंद होती. तिचे गुणधर्म एकमेकांशी जुळत नव्हते. काही लक्षणे स्पंदकाची, म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरत ठराविक अंतराने लहरी फेकणाऱ्या अतिघन ताऱ्याची होती. पण स्पंदन कोणालाच सापडत नव्हते. अखेर पोर्टो रिको बेटावरील आरेसिबो येथील ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने, अतिशय सूक्ष्म कालभाग मोजून, शोध घेण्यात आला आणि उलगडा झाला. तो तारा सेकंदाला ६४२ वेळा फिरत होता! त्याआधी ज्ञात असलेला सर्वात वेगवान स्पंदक सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या मारीत असे. इतके जलद स्पंदन असेल ही कल्पनाच नसल्याने पूर्वीच्या उपकरणांना ते पकडता येत नव्हते. नोंद खरी होती. ती वाचणारे घड्याळ धिमे होते.

पुढे कुलकर्णी कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत गेले आणि २००६ ते २०१८ या काळात तेथील प्रकाशीय वेधशाळांचे संचालक होते. त्यांच्या गटाने १९९५ मध्ये ग्लीझ २२९ या ताऱ्याशेजारी एक मंद सोबती असल्याचे जाहीर केले. तारा म्हणून पेटण्याइतके वस्तुमान नसलेल्या, ग्रह आणि तारा यांच्या सीमेवरील अशा गोलास तपकिरी बटू म्हणतात. त्याच्या वर्णपटात मिथेन वायूच्या खुणा मिळाल्या, आणि ग्रंथांतल्या कल्पनेला आकाशात पुरावा सापडला. १९९७ साली केक दुर्बिणीतून घेतलेल्या वेधांवरून, ज्या गॅमा किरणांच्या स्फोटांचे कोडे अनेक वर्षे सुटत नव्हते, ते स्फोट आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे होतात हे सिद्ध करणाऱ्या गटातही ते होते. २०२४ सालचा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला.

त्या तपकिरी बटूची गोष्ट मात्र १९९५ ला संपली नाही. पुढे त्याचे वस्तुमान भ्रमणावरून मोजले तेव्हा ते गुरू ग्रहाच्या सुमारे सत्तर पट भरले. एवढ्या वस्तुमानाचा गोल जितका उजळ असावयास हवा, तितका हा उजळ नव्हता. हिशेबाच्या दोन बाजू जुळेनात. आम्हां लेखापरीक्षकांना अशा वेळी जी अस्वस्थता येते, ती ज्योतिर्विदांनाही आली. २०२४ साली, चिलीतील प्रचंड दुर्बिणी वापरून, उलगडा झाला: तो एक गोल नसून एकमेकांभोवती सुमारे बारा दिवसांत फिरणारे दोन गोल आहेत, एक गुरूच्या सुमारे ३८ पट, दुसरा ३४ पट. जवळजवळ तीस वर्षे गाजलेल्या शोधाची नोंद दुरुस्त झाली, आणि कोणाला कमीपणा वाटला नाही. ज्या दप्तरात दुरुस्तीला जागा असते तेच दप्तर विश्वासाला पात्र असते.

आणि ज्या आरेसिबोच्या दुर्बिणीने तो वेगवान स्पंदक दाखविला, ती आज नाही. लोखंडी दोर तुटत गेले आणि १ डिसेंबर २०२० रोजी वर टांगलेला शेकडो टनांचा मंच तबकडीवर कोसळला. यंत्रे जातात, माणसे जातात. नोंदी राहतात. हार्वर्डच्या पाच लाखांहून अधिक काचांपैकी चार लाखांवर काचा अलीकडे संगणकात उतरविण्यात आल्या आहेत. आरेकिपाच्या काळोखात कोणी घेतलेली प्रतिमा आज या सभागृहातील एखादा विद्यार्थी घरी बसून पाहू शकतो.

येथे मी आपल्या सर्वांच्या मनातील प्रश्नाकडे येतो. गेल्या महिन्यात मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला सरळ विचारले, “मुले जातात ती परत येत नाहीत. मग कौतुक कशाचे करावयाचे?” मी हा प्रश्न टाळणार नाही, कारण तो आमच्याही घरात रोज विचारला जातो. माझ्या सौभाग्यवती सकाळी देवापुढे दिवा लावतात तेव्हा मुलीच्या वेधशाळेत किती वाजले असतील याचा हिशेब करतात, आणि ती जेवली असेल की झोपली असेल असे मला विचारतात.

या पेशाची दुसरी बाजूही पालकांनी जाणून घ्यावी. पदवीनंतर डॉक्टरेटला पाच-सहा वर्षे लागतात. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका. त्याही एकीमागून एक, बहुधा निरनिराळ्या देशांत. कायमच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. लग्न, संसार, आईवडिलांचे म्हातारपण या गोष्टी नेमणुकांच्या वेळापत्रकात बसत नाहीत. जो मुलगा किंवा मुलगी हे सर्व ठाऊक असूनही जाऊ इच्छिते, तिला आपण अडवू नये. पण डोळ्यांवर पट्टी बांधूनही पाठवू नये.

माझ्या मातोश्री अखेरपर्यंत सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी राहिल्या. माझी नेमणूक जबलपूरला होती, गुवाहाटीला होती, मग इथे. प्रत्येक रजेच्या शेवटी त्या एकच विचारीत, “आता परत कधी?” मी नोकरीपायी देशात फिरलो, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केले. म्हणून, गेलेल्यांचा हिशेब मागताना आपण स्वतःलाही गेलेल्यांत धरले पाहिजे. आपल्या मातापित्यांनी जे सोसले तेच आता आपल्या वाट्याला अधिक लांबच्या अंतराने आले आहे. ती रिकामी खोली कोणत्याही शोधाने भरून निघत नाही, हे मी मान्य करतो. मुलीने कितीही तारे मोजले तरी तिच्या आईचा हिशेब निराळा राहणार.

परंतु बाप्पू परत आले आणि कुलकर्णी तिकडे राहिले, एवढ्यावरून एक आपला व दुसरा परका, असा निवाडा मला देववत नाही. माणूस कोणत्या पत्त्यावर राहतो यापेक्षा त्याने केलेली नोंद कोणाला वाचता येते, हे मला मोठे वाटते. पालोमारवरील ४८ इंची दुर्बिणीला जोडलेला, कुलकर्णींनी पुढाकार घेऊन उभा केलेला कॅमेरा २०१८ पासून उत्तरेचे सारे आकाश दर दोन-तीन रात्रींनी पुन्हा पुन्हा टिपतो. काही नवे चमकले की त्याची सूचना जगभर जाते आणि ती कोणालाही पाहता येते. ती सूचना हानलेलाही पोहोचते. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आय. आय. टी. यांनी २०१८ साली सुरू केलेली ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे. कॅलिफोर्नियात दिवस उजाडतो तेव्हा आपल्याकडे रात्र पडत असते. त्यांनी जिथे थांबविले तिथून आपण पुढे पाहावयाचे. हानलेची दोन मीटरची दुर्बीण तर आपल्या शेजारच्या होसकोटेहून उपग्रहाच्या साह्याने चालविली जाते. या शहरातल्या पुष्कळांना हे ठाऊकही नसेल की, आपण झोपलेले असताना काही कोसांवर बसून कोणी लडाखच्या आकाशाची नोंद घेत आहे.

म्हणून मंडळाला दोन सूचना करून मी रजा घेतो. पहिली अशी की, कार्यकारी मंडळाने रीतसर परवानगी काढून आपल्या मुलामुलींना एकदा कावलूरला न्यावे. त्यांतील एखाद्याला ते काम आवडेल. बाकीच्यांना निदान इतके कळेल की, मोठे शोध फार हळू लागतात. दुसरी सूचना मंडळाच्या कपाटातील वह्यांविषयी. पन्नास वर्षांची इतिवृत्ते, सभासदांच्या याद्या, गणेशोत्सवाचे जमाखर्च, नाटकांच्या तालमींच्या नोंदी तिथे आहेत. त्यांतील काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, हे मी परवाच पाहिले. या शहरात मराठी माणूस केव्हा आला, कसा राहिला, त्याची मुले कुठे गेली, याची हीच काय ती काचेची तबकडी. ती संगणकात उतरवून घ्यावी, आणि ज्या सभासदांची मुले परदेशी आहेत त्यांची नावेही त्यात लिहावीत. ती नावे वगळू नयेत. पुढे कोणी वाचील तेव्हा त्याला ‘पाहिले आणि दिसले नाही’ असे म्हणण्याची पाळी येऊ नये.